परिच्छेद चार

"ते तुम्हाला शिवीगाळ करतात का?" मिसेस गिलनी विचारलं.

"नाही."

"हात उगारतात?"

"नाही. कधीच नाही."

"दारू, जुगार? दुसरी बाई?"

यमुनाने तिन्हींना नकारार्थी मान हलवली. हलवताना तिला उगाच वाटून गेलं, की आपण इथे नवऱ्याचं कौतुक करायलाच आलोय.

फोल्सहिल रोडवर एका साड्यांच्या दुकानाच्या वर मिसेस गिलचं वकिलीचं ऑफिस होतं. २०१८चा ऑक्टोबर चालू होता. यमुना हॉस्पिटलमधून थेट आली होती, कोटाच्या आत अजून निळा युनिफॉर्मच होता. सकाळी आठपासून तिने त्रेपन्न माणसांचं रक्त काढलं होतं. इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत येऊन तिला पंचवीस वर्षं झाली होती, त्यातली अठरा त्या ब्लड टेस्टच्या खोलीत गेली होती. समोर दंड आला की शीर कुठे सापडेल हे तिला नुसतं बघून कळायचं. पण इथे बसून अर्धा तास झाला तरी या बाईंना हवं होतं ते काही तिच्या हाताला लागत नव्हतं.

मिसेस गिल पन्नाशीच्या, पंजाबी, याच शहरात जन्मलेल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि समजावून सांगितलं. इथल्या कायद्यात नुसतं 'आमचं लग्न मोडलंय' म्हणून भागत नाही. का मोडलं ते दाखवावं लागतं. दोन वर्षं वेगळे राहिला असाल आणि दोघांची तयारी असेल तर काम सोपं.

"आम्ही एकाच घरात राहतो," यमुना म्हणाली.

"मग उरतं ते वागणं. समोरच्याचं वागणं असं, की तुम्ही त्याच्याबरोबर राहावं ही अपेक्षाच रास्त नाही. मला चार-पाच प्रसंग लागतील. तारीख नसली तरी महिना आणि वर्ष. पहिला, सगळ्यात वाईट आणि अगदी अलीकडचा, एवढे तर हवेतच. आणि गुळमुळीत नकोत. याच उन्हाळ्यात एका बाईंचा अर्ज पार सगळ्यात वरच्या कोर्टात जाऊन फेटाळला गेलाय."

यमुनाने खिडकीकडे बघितलं. मग म्हणाली, "ते बोलत नाहीत. माझ्याशी."

"माझाही नवरा बोलत नाही," मिसेस गिल हसल्या. "टीव्हीवर फुटबॉल असलं की."

यमुनाही हसली. सवयीनेच. या वाक्यावर लोक नेहमी असंच हसत आले होते.

मराठीत त्याला अबोला म्हणतात. पण तो शब्द तसा लाडाचा. नव्या नवरीने रुसून धरायचा आणि नवऱ्याने गजरा आणून सोडवायचा. श्रीनिवास जे करायचा ते त्या शब्दात मावत नव्हतं, आणि इंग्रजीत तर त्याचं काय करावं हेच तिला कळेना.

"किती वेळ बोलत नाहीत?" मिसेस गिलनी विचारलं.

"पहिल्या वेळी एकोणीस दिवस. लग्नाला चार महिने झाले होते."

"आणि सगळ्यात जास्त?"

"अकरा महिने."

मिसेस गिलच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "अकरा महिने? त्याच घरात राहून?"

"हो. त्याच टेबलावर जेवून."

मिसेस गिलनी पेन उचललं.

श्रीनिवास गिअरबॉक्सच्या एका कंपनीत डिझाइन इंजिनिअर होता. मराठी मंडळात त्याच्याबद्दल वाकडा शब्द कोणी काढला नसता. गणपतीला हॉलमधल्या खुर्च्या मांडायला पहिला आणि आवरायला शेवटचा. म्हाताऱ्या लोकांना घरी सोडायला याची गाडी, कोणाचा बॉयलर बिघडला तर याची हत्यारांची पेटी. घरात अबोला असतानाही दूध आणणं चुकायचं नाही. थंडीत तिची सकाळची शिफ्ट असली, की हा आधी उठून तिच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून ठेवायचा. फक्त बोलायचा नाही, आणि बघायचाही नाही. तिने काही विचारलं तर शेजारच्या घरात रेडिओ लागलाय अशा चेहऱ्याने बाजूने निघून जायचा.

कारण कधी सांगायचा नाही. ते तिने ओळखायचं. सुरुवातीच्या वर्षांत ती रडायची, आठवतील तेवढ्या सगळ्या गोष्टींची एकेक करून माफी मागायची. नंतर मागेनाशी झाली. आणि मग एखाद्या सकाळी टोस्टला लोणी लावता लावता तो म्हणायचा, "आज ऊन पडेलसं दिसतंय." जणू काही कालच गप्पा मारल्या होत्या. तेवढ्या एका वाक्याने तिला इतकं सुटल्यासारखं व्हायचं, की मधल्या दिवसांबद्दल विचारायची तिची छाती व्हायची नाही.

या वेळचा अबोला जुलैमध्ये सुरू झाला. मुलगी उर्वी नोकरीसाठी लंडनमध्ये हॅरोला राहायला गेली होती, त्यामुळे घरात तिसरं माणूस उरलं नव्हतं. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी बँक हॉलिडेची सार्वजनिक सुट्टी होती, ब्लड टेस्टची खोली बंद होती. मंगळवारी सकाळी यमुना कामावर गेली. पहिला पेशंट म्हणून एक रिटायर्ड बस ड्रायव्हर येऊन बसला. त्याला जन्मतारीख विचारायला तिने तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. घशातून नुसती हवा आली. शुक्रवारी संध्याकाळी पाचपासून ती एकही शब्द बोलली नव्हती. हे तिला तेव्हा, त्या माणसासमोर उभं असताना कळलं.

"सावकाश होऊ दे," म्हातारा म्हणाला. "मला कुठं जायचंय?"

तिने पाणी पिऊन त्याचं रक्त काढलं, कापूस दाबून धरायला सांगितला. दुपारच्या सुट्टीत फोनवर वकील शोधला. रडू वगैरे आलं नाही. खूप दिवस चालून दमलेला माणूस दिसेल त्या बाकावर टेकतो, तसं ते झालं.

प्रसंग लिहायला तिला तीन आठवडे लागले. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसून एका वहीत ती मराठीत लिहायची आणि मग इंग्रजी करायची. इंग्रजीत उतरवलं की प्रत्येक गोष्ट बारीक होऊन जायची. 'दिवाळीला पाहुणे असताना ते सगळ्यांशी बोलले, माझ्याशी नाही.' मग? कोणीही म्हणेल, मग काय?

उर्वीबद्दल तिने एक पान लिहिलं. शाळेत असताना तीच दोघांमधली निरोप्या होती. 'बाबाला सांग, जेवण वाढलंय.' 'आईला सांग, मी शनिवारी बाहेर जाणार आहे.' लिहून झाल्यावर यमुनाने ते पान फाडलं. निरोप पाठवणारे दोघं होते, त्यातली एक ती स्वतः होती.

सगळ्यात वाईट प्रसंग मात्र तिला शोधावा लागला नाही. तो तिने एका बैठकीत लिहून काढला.

२०११चा मार्च, शनिवार. तेव्हाचा अबोला जानेवारीपासून चालू होता. यमुनाची सकाळची शिफ्ट होती, उर्वी शाळेच्या सहलीला गेलेली होती. दुपारी साडेतीनला ती घरी आली, बूट काढले आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. अबोल्याच्या दिवसांत फ्रिजच्या दारावर पिवळ्या चिठ्ठ्या लागायच्या. दूध संपलंय, प्लंबर मंगळवारी येणार, असल्या. 'दूध संपलंय'च्या शेजारी नवी चिठ्ठी होती. श्रीनिवासच्या सुरेख, एका मापाच्या अक्षरात लिहिलं होतं: 'नाना गेले. आज दुपारी. दादाला फोन कर. रात्री ८.२०चं विमान आहे, जागा धरून ठेवली आहे.'

नाना म्हणजे तिचे वडील. कराडला असायचे. तिच्या भावाचा, दादाचा फोन घरी सकाळी नऊला आला होता, म्हणजे तिकडे दुपारचे अडीच. तिने चिठ्ठी वाचली तेव्हा तिकडे रात्रीचे नऊ वाजले होते. नानांना संध्याकाळीच नेलं होतं. नेण्याआधी आईशी फोनवर दोन शब्द बोलता आले असते, तेही राहून गेले.

श्रीनिवासने बॅग माळ्यावरून काढून ठेवली होती. पासपोर्ट काढून ठेवला होता. बर्मिंगहॅम विमानतळापर्यंत त्याने तिला गाडीने नेलं, सबंध रस्ताभर रेडिओवर रहदारीच्या बातम्या चालू होत्या. काउंटरवर बॅग त्यानेच उचलून ठेवली आणि तिथल्या मुलीला हळू आवाजात म्हणाला, "हिचे वडील वारले आहेत. जरा आयलची सीट देता आली तर बघा."

ती मुलगी यमुनाकडे वळून म्हणाली, "आय अ‍ॅम सो सॉरी." नाना गेल्याबद्दल समोरासमोर, तोंडाने तिच्याशी पहिला शब्द बोललं ते हे माणूस, आणि ते विमानाच्या कंपनीतलं होतं. श्रीनिवास शेजारी उभा होता. तो तिच्याशी काही बोलला नाही.

मिसेस गिलनी हे सगळं वाचून चष्मा काढला. डोळे चोळून परत घातला. "हा चौथा परिच्छेद होईल," एवढंच त्या म्हणाल्या.

अर्ज कोर्टात दाखल करण्याआधी त्याचा मसुदा समोरच्याला पाठवायची पद्धत आहे, म्हणजे पुढे भांडण वाढत नाही. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते पाकीट घरी आलं. दारातून आत पडलेल्या टपालात यमुनाला तिचं गॅसचं पत्र आणि त्याचं वकिलाचं पाकीट एकदमच मिळालं. त्याचं टपाल जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवायची रीत होती. तिने तिथेच ठेवलं आणि कामावर गेली. परत आली तेव्हा पायरी रिकामी होती.

आठ दिवस काहीच झालं नाही. रविवारी दुपारी ती स्वयंपाकघरात पालेभाजी निवडत होती. श्रीनिवास आत आला, समोरची खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "परिच्छेद चार काढ."

जुलैनंतरचे त्याचे हे पहिले शब्द. यमुनाचे हात थांबले. इतक्या वर्षांच्या सवयीने छातीत तेच सुटल्यासारखं झालं, आणि त्याचा तिला राग आला.

"बाकीचं?" तिने विचारलं.

"बाकीचं राहू दे. सही करीन मी, आडवा येणार नाही. फक्त चार काढ. त्याच्याऐवजी हे घाल." त्याने खिशातून एक घडी केलेला कागद काढून टेबलावर सरकवला. टाइप केलेला होता. यमुनाने वाचला. 'प्रतिवादी नियमितपणे अति मद्यपान करतो. प्रतिवादी मोठ्या आवाजात ओरडतो व भांडी फेकतो. प्रतिवादी घरकामात कोणतीही मदत करत नाही.'

ती कागदाकडे बघतच राहिली. "अहो, यातलं एक अक्षर तरी खरं आहे का?"

"नाही."

"तुम्ही वर्षातून दोनदा घेता, तेही कोणी आग्रह केला तर. भांडी काय फेकाल, तुम्ही ती घासता."

"मला माहीत आहे."

"मग?"

"पिणारा माणूस लोकांना समजतो," श्रीनिवास म्हणाला. "आरडाओरडा करणारा समजतो. वाईट म्हणतात, पण समजतो. हे चार नंबरचं..." तो थांबला. "हे कोणाला समजणार नाही."

"कोण वाचणार आहे? कोर्टातला एक माणूस वाचेल आणि शिक्का मारेल. उर्वीला नाही दाखवणार मी. मंडळात नाही सांगणार."

"मी वाचलं ना," तो म्हणाला.

बाहेर शेजाऱ्यांचं कुत्रं भुंकत होतं. यमुनाने पालक बाजूला सारला.

"खाली सही मला करायची आहे," ती म्हणाली. "लिहिलंय ते खरं आहे म्हणून. दारू मी कशी लिहू?"

श्रीनिवासने दोन्ही हात टेबलावर ठेवले. तो साठीला आला होता, हे तिला त्या हातांवरून दिसलं. त्याने ते उलटे करून बघितले. मग म्हणाला, "मी आलो होतो त्या दिवशी."

"कुठे?"

"हॉस्पिटलला. दादाचा फोन ठेवला आणि लगेच निघालो. साडेनऊला पार्किंगमध्ये होतो. ब्लड टेस्टच्या दारासमोरच जागा मिळाली. तू एकदा बाहेर आलीस, व्हीलचेअरवरच्या कोणालातरी आत घ्यायला. मी दाराचं हँडल धरलं होतं."

यमुनाने मान वर केली.

"दोन महिने बोललो नव्हतो. आणि पहिलं वाक्य हे? तोंड उघडून बघितलं गाडीत. एकट्यानेच म्हणून बघितलं. नाही आलं. बारा वाजेपर्यंत बसलो, मग घरी आलो आणि विमानाचं बघितलं. ते जमण्यासारखं होतं."

"आज सांगताय," यमुना म्हणाली. "साडेसात वर्षांनी."

"हो."

"आणि ते दोन महिने? ते कशासाठी होते? काय केलं होतं मी?"

श्रीनिवास आठवू लागला. तो खरंच आठवत होता. कपाळावर आठ्या घालून, एखादं जुनं ड्रॉइंग कुठल्या कपाटात ठेवलंय ते आठवावं तसा. तिने वाट पाहिली. सत्तावीस वर्षांतल्या एका तरी अबोल्याचं कारण त्याच्या तोंडून ऐकायला मिळेल, असं तिला क्षणभर वाटलं.

"नाही आठवत," तो म्हणाला.

तिने परत पालक पुढे ओढला. तिला एकदम इतका थकवा आला, की देठं तोडायलाही जोर लावावा लागत होता. श्रीनिवासने खुर्ची पुढे ओढली. मग त्यानेही एक जुडी पुढे घेतली आणि दोघांनी मिळून पालक निवडून संपवला.

दोन दिवसांनी उर्वीचा फोन आला. ती ऑफिसहून घरी निघाली होती, मागे स्टेशनवरच्या सूचना ऐकू येत होत्या.

"आई, बाबाने मला कॉल केला. तो कधी कॉल करत नाही, यू नो दॅट. मला वाटली, कोणीतरी मेला."

"काय म्हणाले?"

"काय आहे लिहिलं ते नाही सांगितला. फक्त म्हणाला, आईला सांग, ते एक पॅराग्राफ काढ. आय मीन, काय फरक पडते? कोर्टाला तर एनी रीझन चालते ना? यू बोथ वॉन्ट इट. काढून टाक ना, आणि संपव."

यमुनाला 'आईला सांग' एवढंच ऐकू आलं. चोवीस वर्षांची मुलगी, स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर उभी राहून अजून निरोप पोचवत होती.

"उर्वी," ती म्हणाली, "तू आता हे काम करायचं नाहीस. त्यांना माझ्याशी बोलायचं असेल तर ते वरच्या खोलीत आहेत. चौदा पायऱ्या आहेत मधे. तू ट्रेन पकड."

"माझी ट्रेन गेली ऑलरेडी," उर्वी म्हणाली, आणि मग एकदम हुंदका आला तसं हसली. "आई, मी लहान असताना ना, मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच असते. माझ्या फ्रेंड्सच्या घरी पण कोणीतरी पोस्टमन असेल."

"माझंही चुकलं त्यात," यमुना म्हणाली.

"हो," उर्वी म्हणाली. नाही म्हणाली नाही, हे यमुनाला बरं वाटलं. "पुढची ट्रेन चार मिनिटांनी आहे. तोपर्यंत बोल माझ्याशी. काहीही बोल."

मग यमुनाने तिला त्या दिवशीच्या पेशंटबद्दल सांगितलं, सुई बघून बेशुद्ध पडलेल्या एका धिप्पाड फायरमनबद्दल.

मिसेस गिलकडे ती डिसेंबरमध्ये गेली. साड्यांच्या दुकानाच्या काचेत ख्रिसमसचे दिवे लागले होते. श्रीनिवासचं म्हणणं तिने सांगितलं, टाइप केलेला कागदही दाखवला.

"हे तर घेताच येणार नाही," मिसेस गिल म्हणाल्या. "पण चौथा परिच्छेद काढायचा असेल तर काढू शकतो. पहिला आणि अलीकडचा आहेत. अर्ज जरा अशक्त होईल. तो आडवा येत नसेल तर बहुतेक निभावेल. तुम्हाला काय करायचंय?"

यमुनाने त्यावर खूप विचार केला होता. शिफ्टमध्ये, रस्त्यावर, अंथरुणात. काढून टाकणं सोपं होतं, आणि सोपं काहीतरी करावं असं तिला फार वाटत होतं. उर्वीचं म्हणणं खरं होतं, काय फरक पडतो? पण ते काढल्यावर जे उरत होतं ते वाचलं, की दोन बऱ्या माणसांचं कशावरून तरी बिनसलंय एवढंच दिसत होतं. त्या कागदांत ती स्वतः कुठे नव्हती.

"तो राहू दे," ती म्हणाली. "पण त्यात एक भर घालायची आहे."

"कसली?"

"ते त्या दिवशी हॉस्पिटलला आले होते. मला सांगायला. अडीच तास गाडीत बसले आणि त्यांना सांगता आलं नाही. हे लिहा."

मिसेस गिलनी मान तिरकी केली. "हे तुम्हाला लिहायची गरज नाही. हे त्याच्या बाजूचं आहे. वाचणाऱ्याला त्याची दया येईल."

"येऊ दे."

"तुमचा अर्ज आहे, यमुना."

"माझाच आहे. म्हणून तर. घडलं ते असं घडलं. सही मी करणार आहे."

मिसेस गिलनी ते वाक्य लिहिलं. दोनदा खोडून, तिसऱ्यांदा नीट. मग वाचून दाखवलं. यमुनाने 'अडीच तास' आलंय ना, हे परत एकदा तपासलं.

जानेवारीत कोर्टाचा लिफाफा श्रीनिवासच्या नावाने आला. या वेळी तिने तो पायरीवर ठेवला नाही. तो दिवाणखान्यात पेपर वाचत होता, तिने नेऊन हातात दिला. त्याने तिच्यासमोरच उघडला. पानं उलटत चौथ्या परिच्छेदाशी आला आणि तिथे थांबला. एक परिच्छेद वाचायला लागतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ थांबला. तिला वाटलं, आता हा उठून वर जाईल आणि पुन्हा सुरू होईल.

"साडेनऊ ते बारा," तो शेवटी म्हणाला. "बरोबर आहे."

त्याने पेन मागितलं. फॉर्मवर जिथे 'बचाव करायचा नाही' असा चौकोन होता तिथे खूण केली, आणि खाली सही केली. आरोप मान्य आहेत का, असाही एक प्रश्न होता. त्याचं उत्तर न देताही चालतं, हे मिसेस गिलनी तिला सांगितलं होतं, तिने त्याला सांगितलं. तो म्हणाला, "माहीत आहे." आणि 'हो' वर खूण केली.

पुढचं सगळं कागदांनीच केलं. एप्रिलमध्ये कोर्टात त्यांचं नाव एका लांब यादीत वाचलं गेलं, तिथे कोणीच गेलं नव्हतं. यमुना तेव्हा कामावर होती. जूनमध्ये शेवटचा हुकूम ईमेलने आला. तिला वाटलं होतं, काहीतरी होईल आतून. काही झालं नाही. त्या दिवशी ती संध्याकाळी साडेसहाला झोपली आणि सकाळी सातला उठली, एवढंच.

घर विकलं. श्रीनिवास जवळच्याच रग्बी गावात एका फ्लॅटमध्ये राहायला गेला, यमुनाने कॉव्हेंट्रीतच अर्ल्सडनमध्ये दोन खोल्या घेतल्या. भांडी वाटून घेताना ते दोघं दिवसभर बोलत होते. ही कढई तू ने, नको तुम्हीच न्या, हे पातेलं कोणी दिलं होतं. गेल्या कित्येक वर्षांत इतकं बोलणं झालं नव्हतं. टेम्पो आला तेव्हा दोघांचाही घसा बसला होता. मंडळातल्या बायका काही दिवस कुजबुजल्या. इतका चांगला माणूस, आणि या वयात! रेखाने तर सरळ विचारलं, "अगं, पण त्याने केलं काय?" यमुना म्हणाली, "काही नाही गं." रेखाने तिच्याकडे असं बघितलं की दोष कोणाचा ते तिने ठरवूनच टाकलं. यमुनाने ते तसंच राहू दिलं. सगळ्यांना समजावत बसायला तिच्यात बळ नव्हतं.

मग करोना आला. हॉस्पिटलचे ते महिने कसे गेले हे तिला नीट आठवतही नाही. त्याच काळात श्रीनिवास रविवारी फोन करू लागला. आधी उर्वीची चौकशी, मग हवापाणी, मग गुडघा. रग्बीच्या फ्लॅटमध्ये तोही कित्येक आठवडे कोणाशी बोलत नसावा. यमुना फोन स्पीकरवर ठेवून कपडे वाळत घालायची. मधूनमधून 'हं' म्हणायची. राग राहिला नव्हता, पण मायाही परत आली नव्हती. दहा मिनिटं ऐकणं तिला जमत होतं, म्हणून ती ऐकायची.

२०२२च्या एप्रिलमध्ये एका रविवारी तो म्हणाला, "बातम्यांत ऐकलंस? आता काही कारण द्यावं लागत नाही म्हणे. वागणं वगैरे काही नाही. नुसतं लिहायचं, मोडलंय. बस्स."

"ऐकलं," यमुना म्हणाली.

"आपण तीन वर्षं थांबलो असतो तर..."

"तर काय?"

पलीकडे शांतता झाली. या वेळी ती किती लांबेल, असं तिच्या मनात आलं नाही, हे तिला नंतर जाणवलं.

"तर तुला ते सगळं लिहावं लागलं नसतं," तो म्हणाला.

यमुनाने टॉवेल झटकून दोरीवर टाकला. "नाही," ती म्हणाली. "ते बरं झालं लिहिलं. नाहीतर तुम्ही मला ते पार्किंगचं कधी सांगितलंच नसतंत."

"नसतं सांगितलं," श्रीनिवास म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "गुडघा आज बरा आहे."

"बरं. ठेवते मी आता. उद्या सातला जायचंय."

"हो, ठेव. झोप."

तिने फोन ठेवला. बादलीत अजून चादर राहिली होती, ती एकटीला पिळायला जड जायची. ती तिने तशीच, पाणी गळत असताना दोरीवर टाकली आणि आत येऊन पडली.